नाकामागचा खळगा

योहान क्रिस्टियान रोझेनम्युलर लाइपझिग विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवत. नाकाच्या अगदी मागे, टाळूच्या वर, जिथे कानाकडून येणारी नळी उघडते, तिच्या पाठीमागे दोन्ही बाजूंना एकेक लहानसा खळगा असतो. माणूस जन्मभर श्वास घेतो, सर्दीने हैराण होतो, पण हा खळगा आपल्याला आहे हे त्याला कधी जाणवत नाही. शरीरशास्त्राच्या पुस्तकांत तो आजही रोझेनम्युलर यांच्याच नावाने ओळखला जातो. स्वतः रोझेनम्युलर १८२० मध्ये वारले.

जिवंत माणसाच्या या जागेत डोकावणं त्या काळी शक्य नव्हतं. ते जमलं १८५० च्या दशकाच्या अखेरीस. मान्युएल गार्सिया या लंडनमधल्या स्पॅनिश गायनशिक्षकाने दात तपासण्याचा आरसा घशात धरून स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले होते. योहान चेरमाक या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने तसाच आरसा वरच्या दिशेने फिरवला आणि टाळूमागची पोकळी उजेडात आणली. चेरमाक शेवटची काही वर्षं लाइपझिगमध्येच होते. १८७३ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला.

याच शहरात, याच काळात, एर्न्स्ट लेबेरेख्त वाग्नर विकृतिशास्त्र शिकवत होते. १८६३ साली त्यांनी स्नायूंच्या एका दुर्मीळ विकाराची हकिगत छापली. स्नायूंना दाह झालेला, पण त्याचं बाहेरून आलेलं कोणतंही कारण सापडत नाही, असा हा आजार होता.

खळगा, आरसा आणि आजार, तिन्ही एकाच गावात नांदले. या तिघांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं तिथे कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. तो संबंध उघड व्हायला आणखी शंभर वर्षं जावी लागली, आणि तो उघड झाला जर्मनीपासून हजारो मैलांवर, दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर. हे असं का झालं, तीच ही गोष्ट.

वाग्नर यांनी आपली हकिगत लिहिली ते साल जरा वेगळं होतं. सुजलेले, दुखरे स्नायू म्हटले की त्या वेळी जर्मन डॉक्टरांना एकच गोष्ट आठवे: डुकराच्या मांसातून येणारा ट्रिकिना नावाचा सूक्ष्म कृमी. जानेवारी १८६० मध्ये ड्रेस्डेनच्या रुग्णालयात एक तरुण मोलकरीण दगावली. विषमज्वर असावा असा कयास होता. फ्रीड्रिख त्सेंकर यांनी तिचे स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर ते कृमींनी बुजबुजलेले. नाताळच्या सुमारास तिच्या मालकाकडे डुक्कर कापलं होतं. पुढे १८६३ मध्ये हेटश्टेट या गावात या रोगाची साथ आली आणि १८६५ मध्ये हेडर्सलेबेनमध्ये ३३७ माणसं आजारी पडून त्यांतली १०१ मेली. बर्लिनचे रुडोल्फ फिर्खो मांस तपासणीसाठी आवाज उठवत होते तो याच काळात.

मग कृमी नसलेले, पण तसेच सुजलेले स्नायू दिसू लागले तेव्हा त्यांना नाव देणंही अवघड झालं. १८८७ साली स्ट्रासबर्गच्या हेप यांनी अशा आजाराला सरळ ‘खोटा ट्रिकिना-रोग’ म्हटलं. त्याच वर्षी वाग्नर यांनी पुन्हा एक रुग्ण नोंदवला आणि हाइनरिश उन्फेरिख्ट यांनीही आपला रुग्ण मांडला. चार वर्षांनी, १८९१ मध्ये, उन्फेरिख्ट यांनी त्वचा आणि स्नायू दोघांना धरणाऱ्या प्रकाराला नाव दिलं: डर्मॅटोमायोसायटिस. शब्द लांबलचक आहे, पण फोड सोपी. डर्मा म्हणजे त्वचा, मायो म्हणजे स्नायू, आयटिस म्हणजे दाह.

आजही डॉक्टर हा आजार पहिल्यांदा ओळखतात ते प्रश्न विचारूनच. खाली मांडी घालून बसलात तर हात न टेकता उठता येतं का? वेणी घालताना हात वर धरवतो का? फडताळावरचा डबा काढता येतो का? खांद्याचे आणि मांड्यांचे मोठे स्नायू आधी हरतात. बोटांची पकड बरेच दिवस शाबूत राहते. म्हणजे लिहिता येतं, पण बसच्या पायरीवर चढता येत नाही. त्याबरोबर पापण्यांवर जांभळट छटा येते, बोटांच्या सांध्यांवर लालसर खरबरीत चट्टे उठतात. युरोपीय डॉक्टरांनी पापण्यांवरच्या या रंगाला हेलिओट्रोप या जांभळ्या फुलाचं नाव दिलं. सावळ्या कातडीवर तो रंग फुलासारखा दिसत नाही, काळपट दिसतो. आपल्याकडे तो नुसता जागरणाचा परिणाम समजून सोडून दिला जातो, यात नवल नाही.

कॅन्सर या गोष्टीत आला तो १९१६ मध्ये. त्या वर्षी जर्मनीतल्या दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या लेखांत स्नायुदाहाचे असे रुग्ण नोंदवले ज्यांच्या शरीरात गाठ होती. श्टेर्त्स यांच्या रुग्णाला जठराचा कॅन्सर होता, कांकेलाइट यांच्या रुग्णाला स्तनाचा. पहिल्या महायुद्धात व्हर्दन आणि सोमच्या रणभूमीवर माणसं हजारोंनी मरत होती. या दोन नोंदींकडे कुणाचं लक्ष जावं असा तो काळ नव्हता.

कॅन्सर दूरच्या अवयवाला त्रास देतो, हा विचार तेव्हा अगदीच नवा नव्हता. पॅरिसच्या आर्मां त्रूसो यांनी १८६० च्या दशकात दाखवलं होतं की शिरांमध्ये वारंवार, जागा बदलत होणाऱ्या गुठळ्या कधीकधी पोटातल्या लपलेल्या कॅन्सरची चाहूल असतात. १८६७ च्या आरंभी त्यांच्या स्वतःच्याच अंगावर तशी शीर सुजली. आपला निकाल लागला, हे त्यांनी ओळखलं, आणि त्याच वर्षी ते जठराच्या कॅन्सरने गेले. पण गुठळी ही रक्तातली गोष्ट, आणि रक्त सगळीकडे फिरतं. जठरातली गाठ मांडीचा स्नायू कशी सुजवेल, याचं उत्तर १९१६ मध्ये कुणापाशीच नव्हतं. उत्तर नसलं की माणूस योगायोग म्हणून मोकळा होतो.

पुढची चाळीस वर्षं अशीच सुट्या सुट्या नोंदींची गेली. कुणाला अंडाशयाचा कॅन्सर सापडला, कुणाला फुप्फुसाचा. १९४९ मध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णांवर कॉर्टिसोन वापरून दाखवलं, आणि काही वर्षांतच ते डर्मॅटोमायोसायटिसलाही दिलं जाऊ लागलं. त्याने रुग्ण जास्त जगू लागले. जास्त जगले, म्हणून त्यांच्यातला कॅन्सरही जास्त दिसू लागला. १९५९ मध्ये विल्यम्स यांनी तोवरच्या सगळ्या छापील नोंदी एकत्र आणल्या आणि विषय पहिल्यांदा एका ताटात वाढला गेला. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातले बोहान आणि पीटर यांनी या आजारांचं जे वर्गीकरण केलं ते पुढे दशकानुदशकं चाललं. त्यात कॅन्सरसोबत येणाऱ्या स्नायुदाहाला स्वतंत्र गट मिळाला. लहान मुलांचा गट वेगळा ठेवला, तेही बरंच झालं. २०२४ च्या फेब्रुवारीत एका गाजलेल्या हिंदी चित्रपटातली तरुण अभिनेत्री या आजाराने गेली आणि हे लांबलचक नाव आपल्या वर्तमानपत्रांत आलं, तेव्हा अनेक पालक हबकले. मुलांमधल्या या आजाराचा कॅन्सरशी असा संबंध दिसत नाही. ही सगळी गोष्ट मोठ्या माणसांची आहे, आणि त्यातही बहुतेक चाळिशीच्या पुढच्यांची.

तोवर जे लिहिलं गेलं ते बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवर. त्या याद्यांत स्तन होतं, अंडाशय होतं, फुप्फुस, जठर, आतडी होती. रोझेनम्युलरचा खळगा क्वचितच होता.

आता दक्षिण चीनकडे वळू या. ग्वांगदाँग प्रांतातल्या, म्हणजे जुन्या कॅन्टनच्या परिसरातल्या लोकांत नाकामागच्या पोकळीचा कॅन्सर इतका सर्रास होता की त्याला ‘कॅन्टनची गाठ’ असंच म्हणत. युरोपात लाखात एका माणसालाही वर्षाकाठी हा कॅन्सर होत नाही. ग्वांगदाँगच्या पुरुषांत तो लाखात वीस-तीस जणांना होत असे. त्याची चाल मोठी लबाड असते. तो बहुधा त्या खळग्यातच उगवतो आणि तिथे दुखत नाही. रुग्ण येतो तो मानेत गाठ आली म्हणून, एक कान दडपल्यासारखा वाटतो म्हणून, नाहीतर सकाळी खाकरल्यावर कफात रक्ताची रेघ दिसते म्हणून.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाँगकाँगची वस्ती काही वर्षांतच कित्येक पटींनी वाढली. १९४५ च्या अखेरीस सहा लाखांच्या आसपास असलेलं शहर १९५० पर्यंत वीस लाखांपलीकडे गेलं. आलेले लोक मुख्यतः ग्वांगदाँगचेच, आणि त्यांनी आपला कॅन्सरही सोबत आणला. तिथले किरणोपचारतज्ज्ञ जॉन हो हुंग-चिउ यांच्यापुढे रोज हेच रुग्ण. हो यांनी नुसते उपचार केले नाहीत, माणसं काय खातात तेही पाहिलं. होड्यांवर जन्म काढणाऱ्या कोळी समाजात हा कॅन्सर जमिनीवरच्यांपेक्षा जास्त होता, आणि त्या समाजात मुलाचं दूध सुटताना त्याला भाताबरोबर खारवलेला मासा भरवायची रीत होती. कॅन्टनी पद्धतीत मासा खारवण्याआधी थोडा मऊ, म्हणजे किंचित नासू देतात. आपल्या सुक्या बोंबलाशी किंवा खाऱ्या बांगड्याशी त्याची तुलना करून घाबरायचं कारण नाही, पद्धत वेगळी आहे. हो यांच्या संशयाला पुढच्या अभ्यासांनी दुजोरा दिला, आणि १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने चिनी पद्धतीचा खारा मासा माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला.

सवयींकडून कॅन्सरकडे जाणारी ही वाट मुंबईतही मळलेली होती. वसंत रामजी खानोलकर टाटा मेमोरियल रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ. १९४५ साली त्यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह एक निबंध छापला. त्यात धोतर वर्षानुवर्षं कमरेला घट्ट आवळून नेसल्याने तिथल्या कातडीला होणारा ‘धोती कॅन्सर’ होता. खानोलकर आणि हो यांची कधी गाठ पडली की नाही, कोण जाणे, पण दोघंही एकच प्रश्न विचारत होते: हा कॅन्सर इथेच का?

खाऱ्या माशाला एक साथीदार होता. १९६१ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात डेनिस बर्किट यांनी युगांडातल्या मुलांच्या जबड्यांच्या गाठींवर भाषण केलं. ते ऐकायला अँथनी एपस्टाइन बसले होते. या गाठींमागे विषाणू असणार, असा त्यांनी ध्यास घेतला. युगांडाहून विमानाने गाठींचे तुकडे मागवले, आणि १९६४ मध्ये इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांच्यासह त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात विषाणू दिसला. पुढच्या काही वर्षांत याच एपस्टाइन-बार विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं नाकामागच्या कॅन्सरच्या रुग्णांत भरपूर आढळली, आणि १९७० मध्ये हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी त्या गाठींच्या पेशींतच विषाणूचा डीएनए दाखवला. हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो आणि गप्प असतो. ग्वांगदाँगमध्ये तोच का बिथरतो, याच्या उत्तरात मासाही आला आणि वारशाने मिळालेली जनुकंही.

१९६९ मध्ये वाँग यांनी अशा या हाँगकाँगमधल्या डर्मॅटोमायोसायटिसच्या २३ रुग्णांचा अभ्यास ब्रिटनच्या त्वचारोग नियतकालिकात छापला. त्यात पाश्चात्त्यांना सवयीचे कॅन्सर मागे पडले आणि नाकामागचा कॅन्सर उठून दिसला. सिंगापूर, तैवान, मलेशिया, जिथे जिथे दक्षिण चीनमधले लोक जाऊन वसले होते, तिथून पुढे असंच ऐकू येऊ लागलं. १९८९ मध्ये हाँगकाँगच्या किरणोपचार विभागातून, १९९५ मध्ये तैवानमधून १२ रुग्णांचा, १९९६ मध्ये ग्वांगचौमधून ४५ रुग्णांचा अभ्यास आला. एरवी दुर्मीळातला दुर्मीळ योग, पण ग्वांगचौच्या एकट्या कॅन्सर रुग्णालयाकडे पंचेचाळीस.

इथे आकड्यांची एक गंमत समजून घ्यायला हवी, नाहीतर घोटाळा होतो. नाकामागच्या कॅन्सरच्या हजार रुग्णांत डर्मॅटोमायोसायटिस असलेला एखाददुसराच सापडतो. कान-नाक-घशाचा डॉक्टर जन्मभर काम करील आणि असे दोन-तीनच पाहील. पण त्वचारोगतज्ज्ञाच्या दाराशी बसून पाहिलं तर चित्र उलटं. कॅन्टनच्या भागात चाळिशीपुढचा माणूस जांभळ्या पापण्या आणि लुळ्या मांड्या घेऊन आला, तर त्याच्या नाकामागे गाठ असण्याची शक्यता चांगलीच मोठी. एकाच गावाकडे जाणारा रस्ता, पण एका टोकाकडून वर्दळ दिसते आणि दुसऱ्याकडून शुकशुकाट. दोन वेगवेगळ्या विभागांतले डॉक्टर एकमेकांशी बोलले नसते, तर संबंध कळलाच नसता.

दोन्ही आजारांची लक्षणं एकमेकांवर पांघरूण घालतात, ही आणखी एक अडचण. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये घशाचे स्नायूही दुबळे होतात. घास अडकतो, पाणी नाकातून परत येतं, आवाज नाकातून येतो. नाकामागे गाठ असली तरी आवाज नाकातच येतो. रुग्ण सांगतो, ‘डॉक्टर, गिळवत नाही हो,’ आणि डॉक्टर म्हणतो, स्नायूंमुळे असणार, स्टेरॉइड वाढवू या. स्टेरॉइडने पुरळ फिकं पडतं, अंगात जरा ताकद येते, आणि आत गाठ निवांत वाढत राहते. उलट काही रुग्णांत किरणोपचारांनी गाठ विरली तशी पुरळ ओसरली आणि पायांत बळ आलं. क्वचित काही वर्षांनी पापण्या पुन्हा जांभळ्या झाल्या तेव्हा गाठही परतली होती. नेहमी असं होतंच असं नाही, पण झालं तेव्हा पाहणाऱ्याला योगायोगाची सबब उरली नाही.

तरी शंकेखोर होतेच, आणि त्यांची शंका रास्त होती. डर्मॅटोमायोसायटिसचा माणूस सतत रुग्णालयात असतो, त्याच्या तपासण्या होतात, म्हणून त्याच्यात कॅन्सर जास्त सापडतो. शेजारच्या धडधाकट माणसाला तितकंच तपासा, त्यालाही सापडेल. याला उत्तर द्यायचं तर रुग्णालयाचे कागद पुरे पडत नव्हते, अख्ख्या देशाची नोंद लागत होती. ती उत्तर युरोपात होती. स्वीडनमध्ये १९४७ पासून प्रत्येक माणसाला ओळख क्रमांक आहे आणि १९५८ पासून राष्ट्रीय कर्करोग नोंदणी. दोन नोंदवह्या समोरासमोर ठेवल्या की कुणाला स्नायुदाह झाला आणि नंतर कुणाला कॅन्सर, हे ताडून पाहता येतं.

सिगुरगेइर्सन आणि सहकाऱ्यांनी १९६३ ते १९८३ या काळातल्या ७८८ रुग्णांची अशी ताडणी करून १९९२ मध्ये निष्कर्ष छापले. डर्मॅटोमायोसायटिस असलेल्या पुरुषांत कॅन्सरचा धोका इतरांच्या २.४ पट, स्त्रियांत ३.४ पट. त्वचेला न धरणाऱ्या, नुसत्या स्नायूंच्या दाहात तो दुपटीच्या आतच. २००१ मध्ये स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड या तिन्ही देशांच्या नोंदी एकत्र करून आणखी मोठा अभ्यास आला. डर्मॅटोमायोसायटिसचे ६१८ रुग्ण, त्यांतल्या १९८ जणांना कधी ना कधी कॅन्सर, आणि ११५ जणांचा कॅन्सर आजाराचं निदान झाल्यावर सापडलेला. निदानानंतरचं पहिलं वर्ष सर्वांत धोक्याचं. आता संबंध आहे की नाही, हा वाद मिटला.

पण त्या २००१ च्या यादीत कोणकोणते कॅन्सर ठळक होते? अंडाशय, फुप्फुस, स्वादुपिंड, जठर, मोठं आतडं, लसिका ग्रंथी. नाकामागची पोकळी नाही. स्कँडिनेव्हियात तो कॅन्सरच इतका विरळ की तीन देश एकत्र करूनही तो दिसण्याजोगा झाला नाही. जे कॅन्टनचा शिकाऊ डॉक्टर पहिल्या दिवशी शिकतो, ते जगातल्या त्या वेळच्या उत्तमातल्या उत्तम पुराव्यात नव्हतंच. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत बोलका क्षण हाच आहे. अभ्यासात चूक काहीही नव्हती. फक्त तो तिकडचा होता, आणि पाठ्यपुस्तकांनी तो सगळ्या जगाचा म्हणून छापला.

ती उणीव तैवानने भरून काढली. १९९५ मध्ये तिथे सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्य विमा आला आणि त्याबरोबर देशभराचे कागद एका जागी आले. डर्मॅटोमायोसायटिसच्या १,०१२ रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर कॅन्सरचा एकंदर धोका पाचपट निघाला, आणि सगळ्या अवयवांत वरचं स्थान नाकामागच्या पोकळीचं. हाँगकाँगच्या दवाखान्यांतून १९६९ पासून सांगितलं जात होतं तेच, पण आता आकड्यांत.

प्रश्न उरला तो श्टेर्त्स आणि कांकेलाइट यांच्या वेळचाच. दूरची गाठ स्नायूला का दुखवते? २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या लिव्हिया कॅसिओला-रोझेन आणि अँटनी रोझेन यांच्या गटाने एक दुवा दाखवला. निरोगी, पक्व स्नायूत काही प्रथिनं अगदी नगण्य असतात. तीच प्रथिनं कॅन्सरच्या पेशींत भरपूर असतात, आणि इजा होऊन स्वतःला पुन्हा घडवू पाहणाऱ्या कोवळ्या स्नायुपेशींतही. म्हणजे शरीराची संरक्षक फौज गाठीवर हल्ला करायला निघते, गाठीच्या अंगावरचा गणवेश ओळखून ठेवते, आणि वाटेत तोच गणवेश घातलेल्या कोवळ्या स्नायुपेशी दिसल्या की त्यांनाही झोडपते. स्नायू जखमी होतो, भरून येऊ लागतो, म्हणजे आणखी कोवळ्या पेशी, म्हणजे आणखी मार. गाठ नंतर लहान झाली तरी हे रहाटगाडगं कधीकधी आपलं आपण फिरत राहतं. सगळं कोडं याने सुटलं असं नाही, पण जवळजवळ नव्वद वर्षांनी निदान एक पटेल असा मार्ग दिसला.

त्याच सुमारास, २००६-०७ मध्ये, अमेरिकेत आणि जपानच्या कानाझावात दोन गटांना या रुग्णांच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड सापडलं. पुढे कळलं की ते टीआयएफ-वन-गॅमा या प्रथिनावर रोखलेलं असतं. प्रौढ रुग्णात ते असलं तर कॅन्सरचा धोका बराच जास्त. आता पापण्या जांभळ्या दिसल्यावर रक्ताची एक बाटली प्रयोगशाळेत जाते आणि शोध किती जोरात घ्यायचा ते काही प्रमाणात तिच्यावर ठरतं. पण प्रतिपिंड फक्त सांगतं की शोधा. कुठे शोधा, ते सांगत नाही.

ते सांगतो तो रुग्णाचा पत्ता. भारतातही हा पत्ता एक नाही. मुंबईत १९६३ मध्ये देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि तंबाखू-सुपारीने होणाऱ्या तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरांनी तिची पानं भरत गेली. नाकामागचा कॅन्सर महाराष्ट्रात क्वचितच दिसतो. पण नागालँडमध्ये त्याचं प्रमाण देशात सर्वाधिक आहे, आणि तिथल्या डोंगराळ गावांतल्या बंदिस्त स्वयंपाकघरांतला धूर, धुरावर सुकवलेलं मांस यांच्याकडे संशोधक बोट दाखवतात. कोहिमाहून आलेली एखादी विद्यार्थिनी किंवा परिचारिका पुण्याच्या त्वचारोग विभागात जांभळ्या पापण्या घेऊन बसली, तर तिच्यासमोरच्या डॉक्टरने कोणतं पुस्तक उघडायचं? सोलापूरच्या रुग्णासाठी जे उघडतो तेच उघडलं, तर तो स्तन, अंडाशय, फुप्फुस, आतडं तपासेल, सीटी स्कॅन काढेल, सगळं ठीक म्हणेल. मग दीड वर्षाने मानेत गाठ येईल.

२०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून स्नायुदाहाच्या रुग्णांत कॅन्सर कसा शोधावा याची पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका काढली. कुणाला जास्त धोका, कुणाला कमी, कोणाच्या कोणत्या तपासण्या, कधी आणि किती वेळा, असं सगळं तीत सविस्तर आहे. त्यात एक छोटी शिफारस आहे: ज्या प्रदेशांत नाकामागच्या पोकळीच्या कॅन्सरचा धोका जास्त आहे, तिथे प्रौढ रुग्णांत नाकातून दुर्बीण घालून पाहण्याचा विचार करावा.

चेरमाक यांचा आरसा आता पेन्सिलीपेक्षा बारीक, लवचिक नळी झाला आहे. ती आत जायला मिनिटभरही लागत नाही. नाकपुडीत बधिर करणारा फवारा मारतात, रुग्णाच्या डोळ्यांना पाणी येतं, आणि पडद्यावर कानाच्या नळीचं तोंड दिसतं. त्याच्यामागे तो खळगा.